खोडेकाकांच्या वाट्याची भेंडी

प्रभाकर खोडे या गृहस्थांना जेवायला बोलावलं की ते फोनवर एकच प्रश्न विचारतात, "बाजूले काय हाय?"

किती वाजता यायचं, आणखी कोण येणार, गाडी कुठे लावायची, यातलं काही नाही. तुम्ही उत्साहाने सांगा, "काका, मटण केलंय, सकाळपासून रटरटतंय." तिकडून उत्तर, "ते असू दे. बाजूले काय हाय?" तुम्ही म्हणा, बिर्याणी. "बाप्पा, बिर्याणी तं बिर्याणीच असते. बाजूले?" आणि बाजूला फारसं काही नाही असं कळलं, तर काका असे गप्प होतात की आपण त्यांना कुणाच्या तरी निधनाची बातमी दिली असं आपल्यालाच वाटायला लागतं. मग आपण घाईघाईने म्हणतो, "नाही, म्हणजे, काकडीची कोशिंबीर करता येईल." तेव्हा कुठे काका श्वास सोडतात.

ते आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडमध्ये आम्ही नवे होतो. समोरच्या घरात सत्तरीचे एक मराठी काका एकटेच राहतात असं कळलं, आणि मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, हौसेने कोल्हापुरी चिकन केलं. काकांनी कोशिंबीर तीनदा घेतली. चटणी संपवली. लोणच्याच्या बरणीशी त्यांची दीर्घ आणि खासगी बैठक झाली. लिंबाची फोड चोखून झाली. मग सजावटीच्या कोथिंबिरीकडे ते ज्या नजरेने बघायला लागले, ती बघून मी कोथिंबीर उचलून आत नेऊन ठेवली. चिकनला हात नाही. निघताना म्हणाले, "पोरी, कोशिंबीर फर्स्टक्लास. अन् ते मधात काय होतं, तेही चांगलं दिसून राहिलं होतं."

मेधा दोन दिवस बोलली नाही. माझ्याशी. काकांना तिने दुसऱ्याच दिवशी लसणाची चटणी नेऊन दिली.

आता हे बाजूचं वेड आलं कुठून, ते सांगतो. पुढे काही ठिकाणी मी थोडं वाढवून सांगेन. कुठे वाढवलं ते मात्र विचारू नका, कारण मलाही आता नीट आठवत नाही.

काका मूळचे दर्यापूरकडचे, अमरावती जिल्हा. शिक्षणाने धातूंचे इंजिनिअर, कामाने गंजाचे डॉक्टर. ह्यूस्टनला आले ते एका तेल कंपनीत, आणि कंपनीने त्यांना नेऊन ठेवलं समुद्रात. किनारा दिसत नाही इतक्या आत, पाण्यात उभ्या केलेल्या लोखंडी चौथऱ्यावर. दोन आठवडे पाणी, दोन आठवडे जमीन, अशी सव्वीस वर्षं. "लोखंड मधातून सडत नसते," ते सांगतात. "सुरुवात कडेनंच होते. म्हणून मी कायचंही पहिले कडेचं पाहतो." लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडे बघत नाहीत, करवलीकडे बघतात. मराठी मंडळाच्या नाटकात नायक शेवटचे आचके देत होता, सगळं सभागृह रुमाल शोधत होतं, आणि काका माझ्या कानात म्हणाले, "तो मागं पंखा हलवणारा चांगलं काम करून राहिला बे."

त्या चौथऱ्यावरचा स्वयंपाकी लुइझियानाचा होता. लुइझियाना आमच्या टेक्सासला खेटून आहे, पण चुलीपुरता तो वेगळा देश. फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्या-कोळ्यांचं केजन जेवण आणि फ्रान्स, स्पेन, आफ्रिका एकाच पातेल्यात उतरलेलं क्रिओल जेवण, दोन्ही तिथलीच. काका तेव्हा कट्टर शाकाहारी. मुख्य पदार्थात रोज काहीतरी पोहणारं, उडणारं किंवा सरपटणारं असायचं. तेव्हा काकांनी ठरवलं, मधलं सोडायचं, बाजूचं खायचं. मक्याचे दाणे कांदा-टोमॅटोत परतून केलेलं मकशू. तांबडा राजमा. तासन् तास शिजवलेला हिरवा पाला. मळका भात, म्हणजे तिकडे नावच तसं आहे, डर्टी राइस. आणि भेंडी. काकांचं वजन वाढलं, तब्येत सुधारली, आणि त्यांनी घरी पत्र लिहिलं की समुद्रातही आपला आहार शुद्ध आहे.

तीन वर्षांनी त्यांनी स्वयंपाक्याला सहज कौतुकाने विचारलं, "पाल्याला हा स्वाद कशाने येतो?" स्वयंपाक्याने झाकण काढलं, डाव घातला आणि तळातून डुकराचा गुडघा वर काढून दाखवला. राजम्यात सॉसेज होतं. मळक्या भाताचा मळ म्हणजे कोंबडीची कलेजी होती. मकशू डुकराच्या चरबीत परतलेलं होतं. 

"मग काय केलंत, काका?" मी विचारलं.

"काय करतो? चारी बाजूनं समुद्र. पळून जाऊ कुठी? दोन दिवस नुसता पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी विचार केला, देवाले थांबवायचंच असतं तं पहिल्या घासाले थांबवलं असतं. तीन वर्षं कायले वाट पाहीन तो? तेव्हापासून मी मेन डिशपुरता शाकाहारी हाय."

हा पंथ जगात एकट्या माणसाचा आहे, पण काका तो फार निष्ठेने पाळतात.

काकू जाऊन बारा वर्षं झाली. निवृत्तीनंतर काकांच्या स्वयंपाकघरात लुइझियाना पूर्णपणे घुसलं. तिकडच्या सगळ्या पदार्थांची सुरुवात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तिघांनी होते. तिकडचे लोक याला पवित्र त्रयी म्हणतात. काका दत्त म्हणतात, आणि गुरुवारी चिरण्याआधी नमस्कार करतात. वाढण्याची पद्धत मात्र अस्सल दर्यापूरची. ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. आता मकशू ही भाजी की कोशिंबीर? या एका प्रश्नावर काका तीन महिने अडले होते. त्या तीन महिन्यांत मकशू ताटात नेमकं मध्यावर, भाताच्या डोक्यावर वाढलं जायचं, निकाल प्रलंबित असल्यासारखं. शेवटी ते उजवीकडे गेलं. त्या दिवशी काकांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पेढे मी वाढवून सांगतोय, पण मकशू वाटलं होतं.

भेंडीचं प्रकरण याहून गंभीर. आपल्याकडे भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून चिरतात, आणि परतताना झाकण ठेवायचं नाही, तार सुटते, हे मेधाला तिच्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. काका झाकण ठेवतात! दोन तास ठेवतात! कांदा, टोमॅटो, चमचाभर व्हिनेगर, मंद आच. मेधाने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती गॅस बंद करायलाच धावली होती. "थांब, पोरी," काका म्हणाले, "पहिला तास ती तुले चिडवते. चिकट होते, शेंबडासारखी होते, फेकून द्यावं वाटते. दुसऱ्या तासाले थकते. मंग गोड होते." आणि पातेलं बिडाचं चालत नाही. भेंडी बिडात काळी पडते. यावर काका, गंजाचे डॉक्टर असल्यामुळे, पाऊण तास बोलू शकतात. जाड ॲल्युमिनियमचंच पातेलं हवं. त्या भेंडीच्या वासाने आमच्या मागच्या तळ्यातली मगर एकदा काकांच्या अंगणापर्यंत आली अशी अफवा आहे. अफवा मीच पसरवली, पण मगर खरी होती.

दर शनिवारी काका हे पदार्थ डब्यात भरून घरोघर पाठवायचे. सोबत चिठ्ठी, त्यावर दहापैकी गुण द्यायचे. मीठ किती. तार उरली का. आणि शेवटचा रकाना, "पदार्थानं मधात यायची घाई केली का?" मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग. दोन वर्षं मी सगळीकडे आठ लिहीत होतो. मग एकदा काका चिडले. "अबे, तू पेपर तपासून राहिला का पास करून राहिला? माह्या परीक्षेचा प्रश्न हाय!"

"कसली परीक्षा, काका?"

तेव्हा ते बोलले.

काकांची एकुलती एक मुलगी अश्विनी लुइझियानातच असते, लफायेतला. नवरा रेमी तिकडचाच, केजन. त्याची आई मिस अर्लीन. तिकडे मोठ्या बाईला मिस म्हणायची रीत आहे, चार नातवंडं झाली तरी. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या तिकडच्या सणाला, तिच्या घरी चाळीस माणसं जेवायला असतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी काका गेले आणि चक्रावले. मधोमध भलीमोठी टर्की, आणि तिच्याकडे कुणी बघेना! सगळं घर टेबलाच्या कडांना. कुणाचा बटाटा, कुणाचा राजमा, कुणाचा कॉर्नब्रेड. "मले वाटलं," काका म्हणाले, "मी जन्मलो चुकीच्या जागी, पण पोरगी बरोबर जागी दिली."

पण त्या टेबलाचा एक कायदा आहे. कुणी काय आणायचं ते मिस अर्लीन ठरवते. यादी फ्रिजवर लागते. ज्याचा पदार्थ त्याचा, जन्मभर. कुणाला पदार्थ मिळाला म्हणजे तो घरचा झाला. आणि ज्याच्यावर अजून भरवसा नाही, त्याला काय सांगतात? कागदी ताटल्या. पेपर नॅपकिन. आणि सगळ्यात खाली, जो नवा, परका, ज्याच्या हातचं काय असेल सांगता येत नाही, त्याला सांगतात, बर्फ.

काकांच्या नावापुढे नऊ वर्षं बर्फ होता.

"मुलीचा बाप मी! आमच्याकडे व्याही आला तं पाट मांडतात, रांगोळी काढतात. अन् इथं मी पेट्रोल पंपावरून बर्फाच्या चार पिशव्या घेऊन जातो. रेमीच्या चुलतबहिणीचा बॉयफ्रेंड, परवाचा पोट्टा, हातावर साप गोंदलेला. पहिल्या वर्षी नॅपकिन. तिसऱ्या वर्षी कॉर्नब्रेड! अन् मी बर्फ!"

अश्विनीने सासूला सांगायची तयारी दाखवली होती. काकांनी तिला शपथ घातली. सांगून मिळालेला पदार्थ तो पदार्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एक अडचण होती. पदार्थ रिकामा होतो तो कुणी गेलं तर, किंवा कुणाचे हात थकले तर. आणि काकांचा डोळा होता भेंडीवर. भेंडी ननान वर्नाची. ननान म्हणजे तिकडे धर्ममाता. ही ननान वर्ना मिस अर्लीनची मावशी, वय अठ्ठ्याऐंशी, आणि हळूहळू ती सगळ्या घराचीच ननान झालेली. काका दर फोनवर अश्विनीला विचारायचे, "ननान कशी हाय? तब्येत बरी? गुडघे?" मिस अर्लीनला हे कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले म्हणे, केवढा मायाळू माणूस! आता त्या चौकशीत काळजी किती आणि उमेदवारी किती, हे काकांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. एकदा मला म्हणाले, "मी वाईट माणूस हाय का रे?" मी त्या शनिवारच्या चिठ्ठीवर दहापैकी आठ लिहिले.

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. मी काकांचं वायफाय दुरुस्त करायला गेलो होतो. फोन वाजला. मिस अर्लीन. काका नेहमी स्पीकरवर बोलतात, कारण फोन कानाला लावला की हात भांड्यात घालता येत नाही.

"मिस्टर पी," ती म्हणाली. प्रभाकर कुणाला म्हणता येत नाही. "ननान वर्नाला आता जमत नाही. ईस्टरला तिची भेंडी करपली. विसरते फार. या वर्षी तिला म्हटलंय, तू फक्त ये आणि बस. भेंडी तुम्ही आणाल का?"

काका उभे राहिले. खुर्चीतून नव्हे, ते उभेच होते. पण त्याहून जास्त उभे राहिले. डाव खाली ठेवला. "येस, मॅम," म्हणाले.

पुढचे तीन आठवडे आमच्या गल्लीने भेंडीखेरीज काही खाल्लं नाही. सात पातेली झाली. माझा मुलगा डबा बघून "नॉट अगेन, डॅड!" असं ओरडून खोलीत जायचा. सातव्या पातेल्याला मेधाने, जी झाकणाच्या विरुद्ध होती, जिने आईची शिकवण कधी मोडली नाही, तिने चिठ्ठीवर दहा लिहिले आणि खाली सही केली. काकांनी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

काकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवली. आठवं पातेलं, पहाटे उठून केलेलं, डिकीत दोन ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलं होतं. मी पहिल्या मुलाला हॉस्पिटलमधून घरी आणताना जेवढी हळू गाडी चालवली नव्हती तेवढी ह्या भेंडीसाठी चालवली. मागच्या ट्रकवाल्यांनी आम्हाला टेक्सासची हद्द संपेपर्यंत शिव्या घातल्या. काका तेव्हा इस्त्रीच्या शर्टात ताठ बसून सीमा ओलांडत होते.

साडेअकराला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची कापलेली खाचरं, मधे मिस अर्लीनचं पांढरं लाकडी घर, ओसरीवर माणसं. अश्विनी धावत आली. "बाबा! आणली?" काका नुसते हसले. मी डिकीचं बटण दाबलं, दार वर झालं, काकांनी ब्लँकेटला हात घातला.

तेवढ्यात आमच्या मागे एक ट्रक येऊन थांबला. कुणीतरी दार उघडलं. आतून एक चिमुकली, वाळक्या पानासारखी म्हातारी उतरली. जांभळा ड्रेस, पांढरे बूट. आणि तिच्या दोन्ही हातांत, टॉवेलात बांधलेलं, एक पातेलं.

"भेंडी आणली गं," ननान वर्ना ओसरीकडे बघत मोठ्याने म्हणाली. "उशीर नाही ना झाला?"

तिला सांगितलेलं होतं. तिने मान डोलावली होती. आणि ती विसरली होती.

मिस अर्लीनचा हात तोंडाशी गेला. तिने म्हातारीकडे बघितलं, मग काकांकडे. चाळीस माणसांच्या त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं या वर्षी भेंडी कुणाची. एक ननान सोडून.

काकांनी ब्लँकेट सारखं केलं. डिकी बंद केली.

"मिस अर्लीन," ते इंग्रजीत ओरडले, "माफ करा, बर्फ आणायचा विसरलो. पाच मिनिटांत आलो." आणि मला म्हणाले, "चाल."

गाडीत मी भडकलो. बाकीच्या वेळी मी गोष्टी वाढवून सांगतो, पण तेव्हा खरंच भडकलो होतो. "काका, नऊ वर्षं! तीन आठवडे! दोन भेंड्या ठेवा ना टेबलावर. काय बिघडतं?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "दोन पातेले ठेवले का, मंग एक संपते अन् एक भरलेलं राहते. भरलेलं कोणाचं राहीन?"

मी वळायचा दिवा लावला.

"सगळ्याईसमोर तिले ते भरलेलं पातेलं परत न्यायला लावू का मी? चाल, पंप आला. चार पिशव्या घे."

आम्ही बर्फ घेऊन परत आलो. फ्रिजवर यादी होती. भेंडीपुढे "मिस्टर पी" असं निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी बघत असतानाच काका त्या यादीसमोर उभे राहिले, त्यांनी ती चुंबकाखालून काढली, नीट घडी घातली आणि मिस अर्लीनच्या हातात दिली. ननान स्वयंपाकघरात यायच्या आत. मिस अर्लीन काहीतरी बोलायला गेली. काकांनी मान हलवली. तिने घडी ॲप्रनच्या खिशात टाकली.

ननानची भेंडी काळी होती. तिने ती बिडाच्या भांड्यात केली होती. तळाला करपली होती, आणि मीठ निश्चित दोनदा पडलं होतं, कदाचित तीनदा. लोक शहाणे होते. प्रत्येकाने चमचाभर घेतली, ताटाच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर हळूच भात सारला. मीही तेच केलं. जिभेवर टेकवली तेव्हा मला आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ आठवलं, आणि ह्यूस्टनला बर्फ पडतच नाही.

काकांनी वाटी भरून घेतली आणि ननानच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. टर्की नाही, भात नाही. भेंडी. ती संपवून पुन्हा घेतली. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती.

"आवडली का, शा?" तिने विचारलं. शा म्हणजे तिकडे बाळा, राजा, असं काहीसं.

"ननान," काका म्हणाले, "मी किती वर्षं करून बघतोय. मला अशी कधी जमलीच नाही."

हे अक्षरशः खरं होतं. ननानचा चेहरा उजळला. तिने डाव उचलला आणि तिसऱ्यांदा त्यांना स्वतः वाढलं, काठोकाठ. मग ती सांगायला लागली, कशी करायची. कांदा आधी. घाई करायची नाही. काका मान डोलावत होते, ती सांगायची ते कौतुकाने पुन्हा विचारत होते. ती तेच तीनदा सांगत होती. तेही तीनदा ऐकत होते. टेबलापलीकडून अश्विनी बापाकडे बघत होती. थोड्या वेळाने ती उठून आत गेली, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

तीनच्या सुमाराला आम्ही निघालो. मिस अर्लीन गाडीपर्यंत आली. खिडकीतून हात घालून तिने काकांचा हात धरला. अश्विनीने डिकी उघडली, पातेलं ब्लँकेटांसकट उचललं आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवलं. "बाबा, घरी पोचलात की फोन करा," एवढंच म्हणाली.

टेक्सासची हद्द येईपर्यंत काकांनी पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या. मी दोन-तीन विनोद करून बघितले. वाया गेले. उन्हं समोरून येत होती. मग एकदम म्हणाले, "माही माय शेवटी शेवटी मीठ दोनदा टाके."

मी रेडिओ बंद केला.

"मी अमेरिकेले निघालो त्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं होतं. बॅगा भरल्या होत्या, बाहेर जीप उभी. एक घास घेतला अन् ताट सरकवलं. म्हटलं, माय, हे काय करून ठेवलं? अन् उठलो. ती मागं मागं आली. दारात उभी राहिली. मंग मी पुन्हा गेलो ते तिच्या तेराव्याले. ते भरीत तिनं खाल्लं असन का फेकलं असन, आता कोणाले विचारू?"

रस्ता सरळ होता.

काकांनी पाण्याची तिसरी बाटली उघडली, एका दमात अर्धी केली आणि तोंड पुसलं.

"पुढच्या पंपावर थांबव," म्हणाले. "आणखी पाणी घ्यावं लागन."